जोडीने वारी

मृगाचा पाऊस पडतो, पाभर बाहेर निघते, आणि नेमकी त्याच सुमारास देहू-आळंदीहून पालख्या निघण्याची वेळ येते. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, ज्ञानोबांची आळंदीहून अष्टमीला. मग घराघरांत एकच बोलणं सुरू होतं, यंदा वारीला कोण? पूर्वी याचं उत्तर बहुतेक ठरलेलं असे. मालकाने जायचं, कारभारणीने घर, गुरं आणि पेरणी सांभाळायची. दोघं मिळून निघायची ती उतारवयात, घरात सून आल्यावर. आता तशी वाट पाहणारी जोडपी आहेत, आणि न पाहता निघणारीही आहेत. दोघांचंही चांगलंच, पण जोडीने जायचं म्हणजे काय करायचं, हे निघण्याआधी नीट समजून घेतलेलं बरं.

पहिली अडचण शेतीची. वारीची तिथी पक्की, पण तारीख हलते. २०२३ साली आळंदीचं प्रस्थान ११ जूनला झालं, २०२४ साली २९ जूनला. अठरा दिवसांचा फरक! चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून सण दरसाल अलीकडे सरकतात. अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात. तेव्हा अधिक महिना होऊन गेल्यावर येणारी वारी उशिराची असते, आणि पाऊस वेळेवर झाला तर पेरून निघता येतं. वारी लवकर आली तर एकाने मागे राहावं लागतं, नाहीतर भावकीत किंवा शेजाऱ्याशी सावड करावी लागते. यंदा तुम्ही आमच्या गोठ्याकडे बघा, पुढल्या साली आम्ही तुमच्या. हे बोलणं वैशाखातच व्हावं. निघायच्या आदल्या रात्री झालं तर भांडण होतं.

दुसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. जोडीने वारी म्हणजे जोडीने चालणं नव्हे. दिंडीची एक रचना असते. पुढे पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यात मृदंगी, मागे वीणेकरी, आणि त्यांच्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याची कळशी घेतलेल्या बाया. म्हणजे नवरा टाळ घेऊन पुढे, बायको तुळस घेऊन मागे. मुक्कामालाही पुष्कळ दिंड्यांत पुरुषांची राहुटी वेगळी, बायकांची वेगळी. दिवसभरात भेट व्हायची ती न्याहारीला, दुपारच्या विसाव्याला, फार तर रात्री पंगतीत. नव्या जोडप्याला याचं वाईट वाटतं. पण पाहा, ज्यांच्या भेटीला आपण निघालो ते तरी कुठे एकत्र आहेत? विठोबा गाभाऱ्यात एकटा विटेवर, आणि रखुमाईचं देऊळ मागे, वेगळं. ती रुसून दिंडीरवनात गेली, अशी कथा सांगतात.

आळंदी ते पंढरपूर अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पुण्याचे मुक्काम झाले की सासवडची मजल येते, तीस किलोमीटरच्या वर, आणि तीत दिवे घाटाची चढण. त्यातून त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी, म्हणजे पोटात उपवास. मधुमेहाची गोळी घेणाऱ्याने या दिवशी नुसत्या पाण्यावर राहू नये. उपवासाचं का होईना, वेळेवर खावं, आणि गोळ्यांचं आधी डॉक्टरांना विचारून ठेवावं. आपल्या जोडीदाराची गोळी कोणती, केव्हाची, हे दुसऱ्याला तोंडपाठ असावं. सासवडला दोन मुक्काम असतात, तेव्हा पायांना विसावा मिळतो. पुढे जेजुरी, वाल्हे, आणि नीरेत पादुकांना स्नान होऊन लोणंद.

वाटेत एकाचा गुडघा धरला तर? हा प्रश्न घरीच सोडवून ठेवावा. आजारी असेल त्याने दिंडीच्या सामानाच्या गाडीतून पुढचा मुक्काम गाठायचा, आणि दुसऱ्याने चालत राहायचं की त्याच्यापाशी बसायचं, हे ऐन रस्त्यावर ठरवू लागलं की दोघांचाही जीव कष्टी होतो. बायका तर दुखणं बोलतच नाहीत. मागे पडलो तर यांची वारी मोडेल, या धाकाने चालत राहतात. आडोशाची सोय नसे म्हणून पाणी कमी प्यायचं, ही त्यांची आणखी एक जुनी सवय. अलीकडे मुक्कामांच्या गावी फिरती शौचालयं उभी केली जातात. ती पुरेशी असतातच असं नाही, पण पाणी तोडू नये. उन्हात चालताना ते फार महागात पडतं.

आणि भाकरी कुणी थापायची? दिंडीत नाव घालताना भिशी भरतात, म्हणजे जेवणाखाणाची आणि गाडीची वर्गणी. ती दोघांची सारखीच असते. काही दिंड्यांत स्वयंपाकाला आचारी असतात, काहींत मात्र मुक्कामाला पोचल्याबरोबर बाया चुलीपाशी बसतात आणि पुरुष कीर्तनाला. ती बाईही तितकंच चालून आलेली असते. नाव घालतानाच हे विचारून घ्यावं, आणि ते नवऱ्याने विचारावं. या पंथाला बाईचं कीर्तनही नवं नाही, अभंगही नवा नाही. चोखोबांची बायको सोयराबाई. दोघांचेही अभंग आपल्याला मिळाले आहेत.

चुकामूक ही होतेच. मोबाइल दोघांकडे असला तरी एवढ्या गर्दीत लागेलच असं नाही. म्हणून आपली दिंडी रथापुढची की रथामागची, तिचा नंबर कितवा, हे चिठ्ठीवर लिहून प्रत्येकाने कनवटीला लावावं. संध्याकाळी मुक्कामावर समाजआरती होते. चोपदारांनी दंड उंच केला की सारे टाळ थांबतात, गाऱ्हाणं असलेली दिंडी तेवढी टाळ वाजवीत राहते, आणि हरवल्या-सापडल्याची खबर तिथेच सांगितली जाते.

पंढरपुरात आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्री सपत्नीक शासकीय महापूजा करतात. त्यांच्याबरोबर दर्शनाच्या रांगेतल्या एका वारकरी दांपत्याला पूजेचा मान मिळतो. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो. बाकीची हजारो जोडपी तासन्‌तास रांगेत उभी राहतात. ज्यांना तेवढा वेळ नसतो ती नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला हात लावून, कळसाला नमस्कार करून फिरतात. पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला की पालख्या परतीला लागतात. शेतकरी जोडपी सहसा तोवर थांबत नाहीत. द्वादशीचं पारणं सोडून एस. टी. धरतात, कारण पाऊस झालेला असला तर तण वर आलेलं असतं आणि खुरपणीला दोघंही लागतात.