गालगुंडाची खबर लाळेत

आश्रमशाळेत एखाद्या पोराचा गाल सुजला की अंदाज दोनच: दाढ किंवा गालगुंड. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यातल्या निवासी शाळांना हा फरक लवकर कळायला हवा. दाढेखालचा पू शेजारच्या गादीवर जात नाही, गालगुंड जाते. तेही सूज दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. (दाढेच्या सुजेने तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर मात्र कसल्याही तपासणीची वाट न पाहता दवाखाना गाठावा.)

गालगुंडाची खात्री करायला सहसा रक्त काढतात. पण सुजते ती लाळेचीच ग्रंथी, कानाखालची. मग साक्ष लाळेचीच का घेऊ नये?

घेता येते, फक्त लाळ कुठली ते पाहावे लागते. तोंडात प्रतिपिंडे दोन वाटांनी येतात. लाळग्रंथींत ठाण मांडून बसलेल्या पेशी ‘आयजीए’ बनवतात. ग्रंथी त्याला एका प्रथिनाचा तुकडा जोडून लाळेत सोडते, त्यामुळे पाचकरसांतही ते टिकते. हे आयजीए जंतूला मारत बसत नाही. त्याला वेढून तोंडाच्या अस्तराला चिकटूच देत नाही आणि आपण तो गिळून टाकतो. दुसरी वाट हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची. तिथून रक्तातली ‘आयजीजी’ आणि ‘आयजीएम’ झिरपतात, रक्ताच्या शेकडो पटींनी कमी. ताज्या संसर्गाची खूण असते आयजीएम. म्हणून नुसती थुंकी गोळा करून भागत नाही. ब्रिटनमध्ये १९९०च्या दशकापासून गोवर, गालगुंड, रुबेलाच्या संशयितांच्या हिरड्यांवरून स्पंजची काडी मिनिटभर घासून ती टपालाने प्रयोगशाळेत पाठवतात. प्रत्यक्ष विषाणू शोधायचा तर कानाखाली अर्धा मिनिट चोळून वरच्या दुसऱ्या दाढेसमोर, जिथे ग्रंथीची नळी उघडते, तिथला बोळा घ्यावा लागतो. लस घेतलेल्यांत आयजीएम कधी उमटतच नाही, तेव्हा हा बोळाच कामाचा.

प्रयोगशाळा किती दूर, हे नवापूरने पूर्वीच पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूने देशात पहिल्यांदा डोके वर काढले ते नवापूरच्या पोल्ट्रींत. कोंबड्यांचे नमुने भोपाळला गेले, माणसांचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत; माणसात बाधा आढळली नाही. इतक्या दूरच्या प्रयोगशाळेसाठी लहान मुलाच्या दंडात सुई टोचण्यापेक्षा काडी सोपी, आणि गालगुंडाची गरज खरी आहे: सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, गालगुंडाची नाही. ती खासगी बालरोगतज्ज्ञांकडे पैसे मोजून घ्यावी लागते. पाड्यावरचे कोण घेणार?

लाळेतल्या आयजीएबद्दलची एक गोष्ट मात्र कुपोषणामुळे नंदुरबारला विशेष लागू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९७०च्या दशकातच दाखवले होते, की तीव्र कुपोषित मुलांच्या स्रावांत आयजीए कमी पडते, रक्तातले तेवढे घटलेले नसतानाही. अशा मुलाचे नुसते रक्त पाहून त्याच्या तोंडातला पहारा शाबूत आहे की नाही, हे कळत नाही.