पॅकेज सोडून येरवडा!

२०२२ची गोष्ट. आमच्या ग्रुपमधली एकुलती एक वकील लोअर परळची गलेलठ्ठ नोकरी सोडून ‘फेलोशिप’वर निघाली. आम्हाला वाटलं, चालली फॉरेनला! बाईसाहेब पोचल्या येरवडा जेलमध्ये.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या ‘प्रोजेक्ट ३९ए’चे फेलो २०१९ ते २०२४ या काळात येरवडा आणि नागपूरच्या कच्च्या कैद्यांच्या केसेस बघत होते. तिच्या वाट्याला आलेला एक पोरगा जामीन मिळूनही आतच! कारण जामीनदार नाही. खरं तर जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार मिळाला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायचं, असं २००५ची कायदादुरुस्ती सांगते. पण हे कोर्टाला सांगणार कोण?

तिनं अर्ज केला. पोरगा सुटला.

‘भागतं का गं एवढ्यात?’ मी विचारलं.

‘रिक्षा बंद केलीय,’ म्हणत ती पीएमपी पकडायला पळाली. कॉफीचं बिल अर्थात मीच भरलं.