साकळणारे रक्त आणि जखमेची सूज

विळीने बोट कापले, की वाहणारे रक्त काही वेळाने घट्ट होते, आणि ते हवा लागल्यामुळे झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः हवेचा येथे काडीइतकाही संबंध नाही. रक्तवाहिनी छेदली गेली म्हणजे तिच्या भोवतालच्या पेशींवरील ‘टिश्यू फॅक्टर’ हे प्रथिन रक्ताच्या संपर्कात येते, त्यायोगे एकामागून एक विकरे जागृत होऊन थ्रॉम्बिन सिद्ध होते, आणि ते रक्तरसात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे इवलेसे तुकडे छाटून त्यापासून फायब्रिनच्या तंतूंची जाळी विणवून घेते.

या साखळीची एकही कडी निखळली तर प्राणी जगणारच नाही, सबब ती क्रमाक्रमाने उत्क्रांत होणे असंभव, असाही एक दावा मोठ्या हिरिरीने मांडला जातो. त्याची खातरजमा निसर्गातच करून घ्यावी. या साखळीतील प्रथिनांना ‘घटक’ म्हणून क्रमांक दिलेले आहेत; त्यांपैकी बारावा घटक देवमासे, डॉल्फिन आणि पक्षी यांच्या रक्तात मुळीच नाही. 1955 साली ऑस्कर रॅटनॉफ यांनी ज्या रुग्णात या घटकाचा अभाव वर्णिला, त्याचे रक्त काचनळीत साकळण्यास अतोनात वेळ लागे, तरी त्याला रक्तस्रावाचा विकार नव्हता. जबडा नसलेला लॅम्प्रे मासा तर आपल्याहून साध्या व्यवस्थेवर निभावून नेतो. आठव्या घटकावाचून मनुष्याला हिमोफिलिया होतो, हे खरे. परंतु आज जे अपरिहार्य आहे ते आरंभापासून तसे होते, हे त्यावरून ठरत नाही. सातवा, नववा आणि दहावा हे घटक परस्परांशी इतके मिळतेजुळते आहेत, की एकाच पूर्वज जनुकाच्या प्रती होऊन त्यांना निरनिराळी कामे मिळाली, याविषयी संशोधकांना संदेह उरलेला नाही.

जखमेची सूज ही रक्त साकळण्याहून निराळीच व्याधी, हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. फायब्रिन घडविणारे थ्रॉम्बिनच वाहिन्यांच्या अस्तरपेशींना इशारा देऊन दाह, म्हणजेच ही सूज, प्रज्वलित करते. पृष्ठवंशीयांहून अगदी दूरच्या हॉर्सशू क्रॅबमध्येही साकळणे आणि जंतूंचा प्रतिकार यांचे नाते दिसते: जिवाणूंचे विष लागताच त्याचे रक्त साकळते, हे फ्रेडरिक बँग यांनी 1956 साली दाखविले, मात्र त्याचे साकळणारे प्रथिन फायब्रिनोजेनच्या कुळातले नाही. म्हणजे भगदाड बुजविणे आणि जंतूंचा बंदोबस्त करणे यांची सांगड प्राणिसृष्टीत स्वतंत्रपणेही पडली आहे. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल झाला असता, हीच प्रक्रिया जखमेपुरती न राहता सर्वांगात भडकते, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होतात, आणि रक्तबिंबिका व साकळण्याचे घटक त्यात खर्ची पडल्याने रुग्णाला एकाच वेळी रक्तस्रावही होऊ लागतो.