मालकाची जीभ आणि दुकानाची पत

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने अमेरिकेच्या स्टारलिंक कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. उपग्रहावरून थेट इंटरनेट देण्याच्या या योजनेत गडचिरोली, वाशीम आणि धाराशिवबरोबर आपल्या नंदुरबारचेही नाव आहे. मोबाइलची रेंज मिळाली नाही तर काय अडते, हे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यात माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांना सांगायला नको.

या कंपनीचे सर्वेसर्वा एलॉन मस्क. एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, तेही त्यांच्याच हाती. जगातील सर्वांत श्रीमंत गणला जाणारा हा कारखानदार इतक्या लोकांना नकोसा का झाला? ज्याच्याशी देवघेव होऊ घातली आहे त्याची बाजारातली पत विचारून घेणे, ही व्यापाऱ्याची जुनी रीत आहे.

शिक्का विकला

मस्क यांनी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले. आठवडाभरातच सुमारे साडेसात हजार नोकरांपैकी जवळजवळ निम्म्यांना घरी पाठवले, तेही ई-मेल धाडून. भारतातील बहुतेक कर्मचारी त्यात गेले.

मग निळ्या खुणेचा सौदा झाला. अमुक खाते खरोखर त्याच माणसाचे वा कंपनीचे आहे, याची ती ग्वाही होती. ती महिना आठ डॉलर भरील त्याला मिळू लागली. लगेच कोणीतरी एली लिली या औषध कंपनीच्या नावाने खाते काढले, खूण विकत घेतली आणि इन्शुलिन फुकट मिळेल असे जाहीर करून टाकले. खऱ्या कंपनीला माफी मागावी लागली आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर चार टक्क्यांच्या आसपास घसरला. वजनमापे खात्याचा शिक्का पैसे देईल त्याच्या मापावर बसू लागला, तर गिऱ्हाइकाने कोणत्या तराजूवर भरवसा ठेवायचा?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मस्क यांनी ज्यूंविरुद्धच्या एका मजकुराला दुजोरा दिला. ॲपल, डिस्ने, आयबीएम यांसारख्या कंपन्यांनी जाहिराती थांबवल्या. तेव्हा या गिऱ्हाइकांना त्यांनी भर कार्यक्रमात शिवी हासडली.

चौकाचा मालक

सर्वांत मोठी तक्रार याहून गंभीर आहे. २९ जुलै २०२४ रोजी इंग्लंडमधील साउथपोर्टला तीन लहान मुलींचा सुऱ्याने खून झाला. मारेकरी मुसलमान निर्वासित आहे, अशी खोटी बातमी एक्सवर आणि इतरत्र पसरली. दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर जमाव चालून गेला. प्रत्यक्षात मारेकऱ्याचा जन्म ब्रिटनमध्येच, कार्डिफला झाला होता आणि त्याचे घराणे रवांडातून आलेले ख्रिस्ती होते. दंगली शहरोशहरी पेटल्या असताना मस्क यांनी स्वतः लिहिले की यादवी युद्ध अटळ आहे. अफवेने बाजारपेठ बंद पडली की रोजंदारीच्या कारागिराची चूल सर्वांत आधी विझते. चौक ज्याच्या मालकीचा, त्यानेच आगीत तेल ओतल्यावर दाद कोणाकडे मागायची?

त्याच वर्षी ट्रम्प यांच्या निवडणुकीसाठी मस्क यांनी पंचवीस कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि २०२५ मध्ये सरकारी खात्यांवर कात्री चालवली. लोकांनी राग काढला तो त्यांच्या टेस्ला मोटारींवर. शोरूमसमोर निदर्शने झाली. २०२४ मध्ये सुमारे १७ लाख ९० हजार मोटारी गेल्या होत्या, २०२५ मध्ये १६ लाख ३६ हजारांच्या आसपासच गेल्या. चिनी कंपन्यांची स्पर्धा हेही त्याचे कारण आहे, पण मालकाच्या जिभेची किंमत दुकानाने मोजली हे नाकारता येत नाही.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यांची रॉकेटे उडतात, मोटारी धावतात. माल खोटा नाही. ट्विटरचे जुने चालकच लोकांची तोंडे बंद करत होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात. मजकूर काढायला लावण्याच्या भारत सरकारच्या पद्धतीविरुद्ध एक्स कंपनी मार्च २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयात गेली होती. सप्टेंबरात ती हरली.

किल्ली एका हाती

नंदुरबारकरांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रशियाशी लढताना युक्रेनचे सैन्य स्टारलिंकवर विसंबून होते. २०२२ मध्ये सेवास्तोपोलपर्यंत सेवा सुरू करण्याची विनंती आली, ती आपण नाकारली, हे मस्क यांनीच २०२३ मध्ये सांगितले. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. किल्ली एका खाजगी माणसाच्या खिशात होती, हे महत्त्वाचे.

नवी यंत्रणा आपल्या जिल्ह्याला नवी नाही. देशातील पहिली आधार कार्डे २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभलीत वाटली गेली. पण ती यंत्रणा सरकारची होती. तिच्याबद्दल जाब विचारायला तहसील कचेरी तरी आहे.

तेव्हा डोंगरात इंटरनेट आले तर ते जरूर घ्यावे. मिरचीचा भाव कळेल, पैसे जागच्या जागी जमा होतील. मात्र सगळा कारोबार एकाच दोरीवर टांगू नये. गिऱ्हाइकांचे नंबर आणि उधारीचा हिशेब स्वतःच्या वहीत असावा, दुसऱ्या कंपनीचे एक सिमकार्ड जवळ असावे आणि चार दिवस पुरेल इतकी रोकड गल्ल्यात असावी.