साधी तक्रार, अवघड निदान

फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, यांच्याविषयी दोन टोकांचे समज एकाच वेळी ऐकू येतात. एक असा की हे डॉक्टर होऊ न शकलेले लोक, पांढऱ्या कोटातले कंपाउंडर. दुसरा असा की चार-पाच वर्षं काम केलं की पीए आणि डॉक्टर यांच्यात फरक उरतो तो फक्त पदवीचा. यातला पहिला समज या पेशाच्या जन्मकथेपुढेच टिकत नाही. १९६५ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या तुकडीत नौदलात वैद्यकीय सेवा बजावलेले चार जण होते. रुग्णांना हाताळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता, पण नौदलाबाहेर त्या अनुभवाला जागा नव्हती; आणि देशात डॉक्टर कमी पडत होते. आज अमेरिकेत पावणेदोन लाखांहून अधिक पीए आहेत. पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचं शिक्षण, त्यात सुमारे २,००० तास रुग्णांमध्ये प्रत्यक्ष काम, मग राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा, एवढं पार पाडल्यावर ते कामाला लागतात. तिथल्या पन्नासही राज्यांत त्यांना औषध लिहून देता येतं. मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांना तिथे डॉक्टरऐवजी पीएने तपासलं, तर ती फसवणूक नव्हे. तिथल्या व्यवस्थेचा तो मान्य भाग आहे.

दुसरा समज खोडायला थोडं खोलात जावं लागतं. अमेरिकी डॉक्टर पदवीनंतर चार वर्षं वैद्यकशास्त्र शिकतो आणि त्यानंतर तीन ते सात वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राबतो. हा फरक केवळ वर्षांचा मानला, तर नोकरीतल्या अनुभवाने तो भरून निघेल असं वाटणं साहजिक आहे. पण निवासी डॉक्टरच्या त्या वर्षांत एक विशिष्ट गोष्ट घडते. एकच तक्रार घेऊन आलेल्या शेकडो रुग्णांचा शेवट किती वेगवेगळा होतो, हे तो वरिष्ठांच्या नजरेखाली पाहतो आणि आपला अंदाज का चुकला याचा जाब देतो. नोकरीत वर्षं आपोआप जमा होतात, अशी शिस्त मात्र कुणीतरी मुद्दाम लावल्याशिवाय लागत नाही.

इथेच तिसरा गैरसमज येतो, आणि माझ्या मते सर्वांत घातक तोच. डोकं दुखणं, धाप लागणं, पोटात कळ येणं या साध्या तक्रारी, तेव्हा त्या पीएने बघाव्यात आणि गुंतागुंतीचे रुग्ण डॉक्टरकडे जावेत, अशी वाटणी वरवर पटते. प्रत्यक्षात अवघडपणा बऱ्याचदा उलट्या बाजूला असतो. हृदयशस्त्रक्रियेत पायातली शीर काढून देणं हे नाजूक काम आहे, पण निदान ठरलेलं असतं, पायऱ्या ठरलेल्या असतात आणि सर्जन तिथेच हजर असतो. असं काम पीए उत्तम करू शकतात. भारतात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केला, तोही हृदयशस्त्रक्रियेच्या विभागासाठीच. याउलट धाप लागून आलेल्या अनोळखी रुग्णाच्या तक्रारीला अजून आजाराचं नाव मिळालेलं नसतं. तो दमा असेल, रक्तक्षय असेल, नुसती चिंता असेल किंवा फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी असेल. नव्याण्णव जणांच्या सामान्य दुखण्यातून शंभरावा वेळेत ओळखणं हेच वैद्यकातलं सर्वांत कठीण काम, आणि त्यासाठीच दीर्घ प्रशिक्षण लागतं.

ब्रिटनने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथे पीएंचा अभ्यासक्रम साधारण दोन वर्षांचा असतो आणि त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. तरी डॉक्टरांच्या तुटवड्यामुळे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत नवे रुग्ण तेच पाहू लागले. २०२२ मध्ये लंडनमध्ये एक तीस वर्षांची तरुणी पाय दुखणं आणि धाप लागणं या तक्रारी घेऊन अशाच दवाखान्यात दोनदा गेली. दोन्ही वेळा तिला पीएने तपासलं; आपण डॉक्टरला भेटलो असंच ती समजत होती. गुठळीचं निदान झालं नाही आणि ती दगावली. वेळेत रुग्णालयात पाठवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असं चौकशीत निष्पन्न झालं. डिसेंबर २०२४ पासून तिथल्या पीएंची नोंदणी जनरल मेडिकल कौन्सिलकडे होऊ लागली. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने सांगितलं की, ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीच्या चौकटीबाहेर, निदान न झालेले रुग्ण पीएंनी पाहू नयेत आणि त्यांचा पोशाख डॉक्टरांपेक्षा वेगळा ओळखू यावा. या साऱ्या वादात तिथल्या पीएंना फार अपमान सोसावा लागला, तो अन्यायच होता. त्यांना त्या खुर्चीत बसवणारी आणि मागे विचारायला कुणी न ठेवणारी व्यवस्था खरी दोषी.

निदान तर डॉक्टरांचंही चुकतं, असं यावर म्हटलं जाईल. चुकतं, आणि दहा वर्षं शिकूनही चुकतं, म्हणून तर तेच काम एकट्या कमी प्रशिक्षितावर सोपवणं आणखी जोखमीचं. शिवाय पीए असले की सेवेचा दर्जा घसरतोच, असंही नाही. नेदरलँडमध्ये ३४ रुग्णालयीन वॉर्डांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. जिथे पीए डॉक्टरांच्या जोडीने काम करत होते तिथे रुग्णांचा मुक्काम लांबला नाही, आणि रुग्णांचा अनुभव उलट अधिक चांगला होता. मात्र यात ‘जोडीने’ ही अट विसरून चालणार नाही.

याहून वजनदार आक्षेप आपल्याच घरातून येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही शिकवलं, आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. छत्तीसगडमध्ये तीन वर्षं शिकलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक नेहमीच्या आजारांत एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीचे आढळले. मग माझा युक्तिवाद कोसळतो का? गडचिरोलीत काय पाहायचं ती लक्षणं ठरलेली होती, औषध आणि मात्रा ठरलेली होती, आणि कामावर सतत देखरेख होती. छत्तीसगडच्या अभ्यासात जे आजार मोजले गेले, त्यांच्या उपचारांची चाकोरीही आखलेली असते. म्हणजे कमी शिकलेली व्यक्तीही जीव वाचवू शकते, पण कोणीतरी आधी कष्टाने चौकट आखून दिलेली असेल तर. आणि जिथे मैलोन्‌मैल डॉक्टरच नाही, तिथे अशा सेवेची तुलना डॉक्टरशी करणंही गैर. तिची तुलना काहीच न मिळण्याशी करायला हवी. पुण्या-मुंबईतल्या रुग्णालयाला मात्र ही सबब पुढे करता येणार नाही.

भारतात २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने पीए या व्यवसायाला स्थान दिलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत डॉक्टरांसाठी राखला आहे. या दोहोंमधली जागा नियमांनी नेमकी भरावी लागेल: पीएने तपासलेला कोणता रुग्ण डॉक्टरने त्याच दिवशी पाहायलाच हवा, एकाच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आलेला रुग्ण आपोआप वर कोणाकडे जाईल, आणि रात्री दोन वाजता वॉर्डातल्या पीएला शंका आली तर फोन उचलायला कोण बांधील आहे.