हँडलरच्या अलीकडे

सकाळी ९.२० : हिंजवडी. वाकडहून शेअर रिक्षाचे ३० रुपये, टपरीवरच्या चहाचे १५. ती प्रोग्रॅमर, कंत्राटावर आहे. पगार महिन्याचा, उशिरा थांबल्याचे वेगळे पैसे नाहीत.

१०.०० : काम एका मालवाहतूक कंपनीचं. भाडं सांगणारी सेवा, ट्रक कुठे पोचला ते कळवणारी सेवा, सगळ्या गो भाषेत, आपसात जीआरपीसीने बोलतात. टोकन तपासायच्या त्याच आठ ओळी प्रत्येक मेथडच्या डोक्यावर चिकटवलेल्या. एका नव्या मेथडमध्ये त्या राहून गेल्या आणि ती मेथड कुणालाही उघडी राहिली. आज ही तपासणी एकाच जागी, सर्व्हरच्या तोंडाशी आणायची.

११.१५ : त्यासाठी इंटरसेप्टर, म्हणजे साधं फंक्शन. मेटाडेटातलं टोकन वाचायचं. खरं असेल तर हँडलरला, म्हणजे खऱ्या मेथडला, बोलवायचं, नसेल तर तिथूनच परत: अनऑथेंटिकेटेड, कोड १६. लिहून लगेच होतं. वेळ जातो तो इंटरसेप्टरांचा क्रम ठरवण्यात. साखळीत पहिला लिहिलेला सगळ्यात बाहेर. ती लॉगिंग बाहेर ठेवते, त्याच्या आत पॅनिक सावरणारा, मग टोकनचा. हँडलरमधला पॅनिक कुणी सावरला नाही, तर एक विनंती नाही, अख्खी प्रोसेस मरते. सावरणारा त्याचा कोड १३ करतो आणि बाहेरचं लॉगिंग तो टिपतं. क्रम उलटा लागला, तर नेमकी त्याच विनंतीची नोंद हुकू शकते.

लॉगमध्ये मेथडचं नाव, कोड, मिलिसेकंद, एवढंच. अख्खा मजकूर ओतला तर साठवणुकीचं बिल फुगतं, आणि ग्राहकाचा फोन नंबर तिथे पडून राहणं तिला पटत नाही.

१.३० : डबा. पोळी, मेथी.

३.०० : रिव्ह्यू. "अगं, स्ट्रीमचं काय?" सीनियर विचारतो. ट्रकची जागा कळवणारी मेथड स्ट्रीमची. युनरी (एक विनंती, एक उत्तर) इंटरसेप्टर तिच्या वाटेत येतच नाही, स्ट्रीमचा वेगळा लिहावा लागतो. तोही स्ट्रीम उघडताना एकदाच चालतो. ट्रक आठ तास रस्त्यावर, टोकन तासाभराचं. मग ती स्ट्रीमभोवती स्वतःचं वेष्टण लिहिते आणि प्रत्येक संदेश पाठवण्याआधी टोकनची मुदत बघते. दुपार यातच जाते. दिवसातलं खरं काम हेच.

५.४० : स्टेजिंग. पॉड उठतो, पडतो, पुन्हा उठतो. कुबरनेटिसची हेल्थ तपासणी टोकन आणत नाही, म्हणून तिलाही १६ मिळतोय. हेल्थची मेथड वगळते. वगळायच्या यादीत तेवढं एकच नाव. बाकी सगळं बंद, नवी मेथडसुद्धा.

७.१० : भाड्याच्या सेवेतल्या जुन्या आठ ओळी ती एकेका मेथडमधून काढते. प्रत्येकीनंतर टोकनशिवाय एक विनंती पाठवून बघते. १६ आला की पुढची.