चित्रमालिकेचे तंत्र : इतरांच्या कामावरून होणारा अभ्यास

एकामागून एक चित्रे दाखवून विषय उलगडण्याची रीत आज शाळा, महाविद्यालये आणि ग्रामसभा ह्यांच्या नित्य उपयोगाची झाली आहे. जालना जिल्ह्यातील धावडा ह्या भोकरदन तालुक्यातील गावीही, हाताशी संगणक वा भ्रमणध्वनी असलेल्या शिक्षकास स्लाइडांची मालिका तयार करणे कठीण राहिलेले नाही. कठीण आहे ते वेगळेच. कोणते चित्र आधी घ्यावे, ते किती वेळ पडद्यावर ठेवावे आणि त्यावरून पुढील चित्राकडे कसे जावे, हे ज्ञान यंत्राच्या माहितीपुस्तिकेत मिळत नाही. पूर्वीही ते ग्रंथांत फारसे आले नाही. ज्याने त्याने ते दुसऱ्याच्या कामावरून उचलले. ह्या शिक्षणाचे स्वरूप महाराष्ट्रातील काही उदाहरणांच्या आधारे येथे तपासावयाचे आहे.

पहिले उदाहरण कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांच्या ‘शांबरिक खरोलिके’चे. पाश्चात्य जादूच्या कंदिलाच्या धर्तीवर त्यांनी १८९२ च्या सुमारास आपले खेळ सुरू केले आणि पुढे त्यांच्या पुत्रांनीही ते केले. शांबरी म्हणजे माया. नावातच खेळाचे मर्म आले आहे. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, त्यांच्या जोडीला निवेदन, संवाद आणि गाणी, अशी त्याची मांडणी होती. विषय पौराणिक कथांचे, तसेच सर्कशीतील कसरतींचे. उपकरणाचे तत्त्व परके होते, परंतु पात्रांचा वेष, प्रसंगांची निवड आणि कथनाची भाषा येथली होती. दुसऱ्याचे तंत्र घ्यावे आणि आशय आपला ठेवावा, हा भेद पटवर्धनांच्या कामात स्पष्ट दिसतो.

त्या काळच्या कंदिलाची रचना समजून घेतल्याशिवाय त्या तंत्राचे मोल ध्यानात येत नाही. दिव्याचा प्रकाश भिंगातून काचेवर पडे आणि दुसऱ्या भिंगातून चित्र पडद्यावर मोठे होऊन उमटे. भिंगामुळे प्रतिमा उलटी होत असल्याने काच कंदिलात उलटीच घालावी लागे. नवशिक्याची पहिली चूक बहुधा हीच. चित्रात हालचाल दाखविण्यासाठी एका काचेवर दुसरी काच सरकवीत. एक दृश्य विरघळून त्यातून दुसरे उमटावे असे वाटल्यास दोन कंदील पडद्यावरील एकाच जागी रोखून एकाचा प्रकाश हळूहळू कमी करीत व त्याच वेगाने दुसऱ्याचा वाढवीत. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात हा प्रकार अतिशय लोकप्रिय होता. उन्हाळ्यातील एखादी वाट पाहता पाहता बर्फाने झाकली जाई. त्यासाठी दोन्ही काचांवरील झाडे, घरे व क्षितिजरेषा केसभरही न ढळता जुळाव्या लागत. एवढे श्रम पडत असल्यामुळे ह्या युक्तीचा उपयोग जेथे कालाचा किंवा अवस्थेचा पालट दाखवावयाचा असेल तेथेच होई. आजच्या संगणकात असली डझनावारी संक्रमणे एका बोटाच्या स्पर्शाने मिळतात, आणि नवशिका ती सर्वच्या सर्व एका मालिकेत वापरून मोकळा होतो. जुन्या खेळांचा अभ्यास त्याला आवरतो, तो ह्या जागी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाच्या चित्रकथीत कंदील नाही, विजेचा दिवाही आवश्यक नाही. तरी क्रमाने चित्रे दाखविण्याचे शास्त्र तेथे पूर्ण वाढलेले आहे. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. कागदावरील दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात, आणि वाद्यांच्या साथीने कथा गात असता एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरले जाते. पान केव्हा फिरवावे हे कोठेही लिहिलेले नसते. साथीला बसलेला घरातील मुलगा वडिलांच्या कथनावरून ते ओळखू लागतो. एकाच चित्रावर लांबलचक निरूपण होते, तर दुसरे क्षणभरच दिसते, आणि ह्या असमानतेतच कथेची लय असते. प्रत्येक स्लाइडला समान सेकंद देणाऱ्या मालिका कंटाळवाण्या का होतात, ह्याचे उत्तर पिंगुळीच्या पोथीत सापडते.

दादासाहेब फाळके ह्यांचा अभ्यास अधिक कठोर म्हणावा लागेल. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिल्यानंतर ते कित्येक महिने रोज तासन्‌तास इतरांचे चित्रपट पाहत राहिले. त्यात त्यांच्या दृष्टीवर परिणाम झाला. पाहिलेले उमजले की नाही, ह्याची परीक्षा म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची ठरावीक अंतराने चित्रे घेऊन त्याची वाढ पडद्यावर दाखविली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ मधील. पाहणे आणि करून पाहणे ह्यांच्यामधील ही लहानशी पायरी पुष्कळजण वगळतात.

धावड्याच्या अभ्यासकास मात्र कल्याण वा मुंबईपेक्षा जवळ असलेली एक शाळा आहे. ती म्हणजे अजिंठ्याची लेणी. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातक चित्रित आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत घटना पुष्कळदा कालक्रमाने नव्हे, तर स्थळाप्रमाणे मांडलेल्या आहेत, असे डिटर श्लिंगलॉफ ह्या संशोधकाने दाखवून दिले. राजवाड्यात घडलेले सारे एका भागात, अरण्यात घडलेले दुसऱ्या भागात. भिंतीपुढे उभा राहणारा प्रेक्षक आपली नजर हवी तशी फिरवू शकतो. स्लाइडपुढे बसलेल्यास ती मोकळीक नसते. म्हणून अजिंठ्याची मांडणी जशीच्या तशी घेता येत नाही. दृश्यातील आकृतींचा मेळ, मुख्य व्यक्तीचे स्थान, रिकामी ठेवलेली जागा ह्या गोष्टी तेवढ्या घेता येतात.

ह्याच लेण्यांत १८७२ ते १८८५ ह्या काळात जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे विद्यार्थी ह्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बऱ्याच लंडन येथे १८८५ मध्ये आगीत नष्ट झाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल ह्यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. कॅनव्हास जळाले, रेघ कशी वळते हे ज्या विद्यार्थ्यांच्या हाताने वर्षानुवर्षे गिरविले होते, त्यांचे शिक्षण जळाले नाही. काचपट्ट्यांच्या खेळांचे दुर्दैव ह्याउलट आहे. काही काचा उरल्या, पण त्या फिरविणारे हात आणि त्यांबरोबरचा आवाज गेला, कारण चलच्चित्रपट आल्यावर ते शिकून घेणारे कोणी राहिले नाही.

ह्या उदाहरणांवरून अभ्यासाची एक पद्धत बांधता येते. चांगली मालिका प्रथम केवळ प्रेक्षक म्हणून पाहावी. दुसऱ्या वेळी घड्याळ जवळ घेऊन प्रत्येक चित्राचा काळ, त्यातील विषय, त्या वेळचे शब्द आणि पुढील चित्राकडे जाण्याची रीत कागदावर उतरवावी. तिसऱ्या वेळी आवाज बंद ठेवावा, म्हणजे चित्रे स्वतः किती सांगतात व किती भार शब्दांवर टाकतात हे कळते. नंतर तोच सांगाडा वेगळ्या विषयावर बसवून पाहावा. भोकरदन परिसरातील मिरचीचे पीक घेतले, तर रोपे, लागवड, तोडणी, वाळवण आणि बाजार असा क्रम सहज सुचतो. पण पिंगुळीची लय ध्यानी असलेला शिक्षक तोडणी करणाऱ्या बाईच्या हातांवर अधिक वेळ थांबेल आणि बाजारातील ढिगांची चित्रे झरझर पुढे नेईल. हिरवी मिरची पिकून लाल होते, तेवढ्या एकाच ठिकाणी तो दृश्य दृश्यात विरघळू देईल. दोन्ही छायाचित्रे एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून घेतलेली असली पाहिजेत, एवढी काळजी मात्र त्याला पहिल्या दिवशीच घ्यावी लागेल. सांगाडा ज्याच्या मालिकेवरून घेतला त्याचे नाव अखेरच्या स्लाइडवर द्यावे. त्याची छायाचित्रे मात्र अनुमतीवाचून घेऊ नयेत.